ताट समोर आल्यावर

कोल्हापूर, २९ जुलै २००५

तीर्थरूप अप्पांना,

नमस्कार घालते. घ्यायचा की परत पाठवायचा ते तुमचं तुम्ही बघा.

दसऱ्यापासून आपण बोललेलो नाही, आणि आधी मी बोलायचं नाही असं मी ठरवलेलं. पण कुरुंदवाडात पाणी शिरल्याचं ऐकलं आणि ठरवलेलं सगळं बोंबललं. घरचा फोन नुसता कुईं करत होता. शेवटी काल अव्वाचा मिरजेहून हॉस्टेलवर फोन आला. आत्याकडं आलोय, सुखरूप आहोत, दुकानातली पोती माडीवर टाकलीत, असं म्हणाली. मी विचारलं, अप्पा कुठं हायत? तर म्हणाली, हितंच बसलेत. मग दे की त्यांना, म्हटलं. मग अव्वाच म्हणाली की ते अंघोळीला गेले. अप्पा, बसलेला माणूस एवढ्या लगेच अंघोळीला जातो होय?

असू दे. राग तुमचाही आहे आणि माझाही आहे. संकेश्वरच्या त्या मेडिकलवाल्यांना सून नको होती, माझं फार्मसीचं सर्टिफिकेट भिंतीला टांगायला हवं होतं. मी त्यांच्या तोंडावर नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात, "औषधवाली म्हंजे शेवटी दुकानवालीच की. शिकून वेगळं काय करणार हाईस?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. उत्तर सुचलं नाही की माणूस जे करू नये ते करतं. मीही केलं.

आता पत्राचं कारण. आमच्या कॉलेजच्या सेवा योजनेची तुकडी पूरग्रस्तांच्या कॅम्पवर निघालीय आणि मी नाव दिलंय. दोन दिवस हॉलमध्ये बसून गावानं दिलेली औषधं निवडतोय. काय सांगू, नुसता ढीग! कुणी अर्ध्या बाटल्या दिल्यात, कुणी कुत्र्याचं औषध दिलंय, मुदत संपलेल्या गोळ्या तर भरमसाट. आमच्या प्रेरणा मॅडम म्हणतात, दान द्यायला मन लागतं आणि दान निवडायला डोकं लागतं. तांदूळ निवडावा तसं आम्ही निवडतो. पण बाहेर ट्रक येतच आहेत. पन्हाळ्याकडच्या गावांतून भाकरी आल्या, फडक्यात बांधलेल्या, अजून ऊबदार. ज्यांच्या स्वतःच्या भिंती ओल्या, त्यांनी थापलेल्या.

एक विचारायचं आहे. घर सोडताना देव्हाऱ्यातलं सगळं बरोबर नेलंत ना? सगळं म्हणजे सगळं. का विचारते ते तुम्हाला कळतंय.

शिवलीला


जयसिंगपूर, १ ऑगस्ट २००५

तीर्थरूप अप्पा,

पहिल्या पत्राचं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, म्हणून दुसरं लिहिते.

आम्ही जयसिंगपुरात एका हायस्कूलच्या कॅम्पवर आलो. वाटेत ट्रक थांबवून ड्रायव्हरनं पाणी दाखवलं. अप्पा, मी नदीकाठची पोर. नदी मला नवी नाही. पण हे नदीसारखं दिसतच नव्हतं. नजर जाईल तिथवर तांबडं पाणी, मध्येच उसाचे शेंडे, मध्येच विजेच्या खांबाचं टोक, आणि आवाज काहीच नाही. एवढं पाणी आणि एवढं गप्प. आमच्यातली एक पोरगी हात जोडून उभी राहिली. नेहमी मी तिला हसले असते. मीही हात जोडले.

शाळेच्या वर्गावर्गातून माणसं आहेत. चौथी अ मध्ये बाळंतीण आहे, नववी ब मध्ये म्हातारी माणसं. औषधाचं टेबल व्हरांड्यात, आणि ते माझ्याकडं आहे. डॉक्टर तपासून चिठ्ठी देतात, मी औषध देते आणि समजावून सांगते. मॅडमचा एक नियम आहे. औषध दिल्यावर माणसाला विचारायचं, आता मला सांगा, हे कसं घेणार? त्यानं बरोबर सांगितलं तरच पुढचा नंबर. लाईन लांबते, लोक ओरडतात, पण मॅडम हटत नाहीत. एका पावण्यानं खोकल्याचं औषध छातीला चोळणार म्हणून सांगितलं, तेव्हापासून मीही हटत नाही.

इथं मल्लव्वा म्हणून एक आज्जी आहेत, आपल्याच बाजूच्या. मराठी बोलता बोलता कानडीत शिरतात. मुलगा म्हसरं घेऊन दुसऱ्या गावच्या माळावर गेलाय, म्हणून एकट्याच. त्यांना शुगरची गोळी आहे, पुरात हरवली, डॉक्टरांनी नवीन लिहून दिली. मी सांगितलं, सकाळी जेवणाआधी एक. कशी घेणार आज्जी? तर लगेच म्हणाल्या, सकाळी, जेवणाआधी, एक. पैकीच्या पैकी मार्क. माझ्या गालाला हात लावून बोटं मोडली त्यांनी. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. दुकानवाली आणि मी यात काय फरक आहे ते तुम्हाला तेव्हा दाखवावंसं वाटलं.

औषधं आणायला आमची गाडी रोज मिरजेला जाते. पिराजी ड्रायव्हर भला माणूस आहे, तो पत्र आत्याच्या घरी हातात देईल. उत्तर द्यायचं असेल तर त्याच्याकडं द्या. नुसतं 'पोचलं' म्हणालात तरी चालेल.

शिवलीला


जयसिंगपूर, ३ ऑगस्ट २००५

अप्पा,

आज मायना नाही, वेळ नाही. पिराजी गाडी चालू करून थांबलाय. हे पत्र पूर्ण वाचा, रागानं ठेवून देऊ नका. एका माणसाचा जीव यात आहे.

काल सकाळी मल्लव्वा आज्जी पडल्या. टेबलावर मला चिमणाबाई बोलवायला आल्या. त्या आज्जींच्या शेजारी झोपतात, आपल्यातल्या नव्हेत, पण दोघींचं मेतकूट जमलंय. गेले तर आज्जींना दरदरून घाम, अंग गार, हाक मारली तर ओ नाही. डॉक्टरांनी बोटातून रक्त घेऊन शुगर बघितली. पार तळाला गेलेली. त्यांनी शिरेतून साखरेचं इंजेक्शन हळूहळू दिलं. मी हात धरून बसले होते. आणि अप्पा, सुई अजून शिरेतच होती आणि आज्जींनी डोळे उघडले. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "कुणाची गं तू?" आम्ही पुस्तकात हे वाचतो, परीक्षेत लिहितो. पण विझलेलं माणूस आपल्या डोळ्यांदेखत उजळतं हे पुस्तकात कुठंच लिहिलेलं नाही.

मग प्रश्न आला की असं झालं का. गोळी बरोबर, डोस बरोबर, वेळ बरोबर. डॉक्टर म्हणाले, गोळी घेऊन ही बाई जेवली नसणार. आम्ही म्हटलं, रोज ताट तर जातंय. तेव्हा चिमणाबाईंनी तोंड उघडलं. आज्जी ताट घेतात आणि वर्गातल्या पोरांना वाटून टाकतात. आल्यापासून अन्नाला शिवलेल्या नाहीत, पाणीही गोळीपुरतंच. शपथ घातली होती म्हणून चिमणाबाई बोलल्या नव्हत्या.

मी आज्जींना विचारलं तर तोंड फिरवून नुसतं "ब्याड यव्वा, ब्याड" म्हणत राहिल्या. नको, नको. आणि पदर गळ्याशी घट्ट धरला. तेव्हा माझी ट्यूब पेटली. अप्पा, त्यांच्या गळ्यात लिंग नाही.

नावेत चढवताना गळ्यातला शिवदारा तुटला आणि चांदीच्या डबीसकट लिंग त्यांच्या डोळ्यांसमोर पाण्यात गेलं. त्यांनी हात घातला, तर नावेतल्या पोरांनी त्यांनाच मागं ओढलं. पोरांची चूक नाही, ती जीव वाचवत होती. तान्ही असल्यापासून गळ्यात होतं ते गेलं. पूजा झाल्याशिवाय अन्न नाही, आणि लिंगच नाही तर पूजा कशाची? पण गोळी घेतली, कारण ती औषध आहे, अन्न नव्हे. आणि मी सांगितलं होतं ना, जेवणाआधी एक. माझं सगळं त्यांनी तंतोतंत पाळलं. जेवणाचं मी विचारलंच नव्हतं.

दुसरी कुणी असती तर ठीक होतं. ही गोष्ट ओळखणारी या टेबलावर मी एकटी होते. लहानपणी तुमची पूजा आटपेपर्यंत ताटावर हात धरून बसलेली मी. तीन दिवस आज्जी समोर आणि मला त्यांचा गळा दिसला नाही. माझाच रिकामा, तर दुसऱ्याचा कुठला दिसतो? दसऱ्याला घरातून निघताना मी माझं काढून देव्हाऱ्यात ठेवलं. तुम्ही बघत होता. "ठेव," एवढंच म्हणालात. त्या एका शब्दाचा मला इतके दिवस राग होता. आज तो शब्द दुसराच ऐकू येतोय. पण ते नंतर बोलू.

आता काम. डॉक्टरांनी गोळी बंद करून सलाईन लावलंय. त्यावर फार दिवस निघणार नाहीत. सलाईन लावतानाही आज्जींनी विचारलं, हे अन्न का औषध? डॉक्टर औषध म्हणाले तेव्हा हात पुढं केला. मिरजेच्या दवाखान्यात चला म्हटलं तर नको म्हणतात. मी समजावलं, मॅडमनी समजावलं, डॉक्टर तर ओरडले. आज्जी शांत. म्हणाल्या, "बाळ, तुझं औषध मी घेतलं की. माझं मला घिऊ दे." त्यांना मरायचं नाही अप्पा. त्यांना फक्त लिंगावाचून जगायचं नाही. हे डॉक्टरांना मी सांगू शकले नाही. तुम्हाला सांगावं लागणार नाही.

मला एक जंगम अय्या पाहिजेत. नवीन लिंग घेऊन येणारे, दीक्षा देणारे, आणि 'हरवलंस कसं' म्हणून म्हातारीला न झापणारे. इथं मी कुणाला ओळखत नाही. मिरजेत तुमच्या ओळखी आहेत. मठात कुणाला विचारायचं, काय म्हणायचं, हे तुम्हालाच ठाऊक. हे औषध माझ्या टेबलावर नाही, माझ्या कॉलेजातही नाही. तुमच्याकडं मागते.

माझ्यासाठी नाही केलं तरी चालेल. तिच्यासाठी करा.

लीला


जयसिंगपूर, ४ ऑगस्ट २००५

अप्पा,

पिराजी परत आला. पत्र तुमच्याच हातात दिलं म्हणाला. तुम्ही उभ्यानं वाचलंत, पायताण घातलं आणि काही न बोलता बाहेर पडलात. कुठं गेलात ते त्याला माहीत नाही. आत्याला विचारलं तर म्हणाली, फिरायला गेले असतील. मी पिराजीवर उगाच खेकसले.

आज्जींचे ओठ सुकलेत. बोलतात, पण तोंडातल्या तोंडात. चिमणाबाईंनीही सकाळपासून काही खाल्लेलं नाही. म्हणतात, तिच्यासमोर माझ्या घशाखाली उतरत न्हाय. मी ओरडले, तुम्हाला काय झालं तर तुमचं आणखी कोण बघणार? तर म्हणाल्या, "तू हाईस की."

मी आहे. एवढ्याशा टेबलामागं मी आहे. मला आज माझं सगळं शिक्षण तोकडं वाटतंय, आणि तरी या टेबलावरून उठावंसं वाटत नाही. असं दोन्ही एकदम वाटतं का हो कधी?

येणार नसाल तर तसं कळवा. मी दुसरीकडं बघते. आता तुमच्यावर रुसायलाही सवड नाही.

लीला


जयसिंगपूर, ८ ऑगस्ट २००५

प्रिय अप्पा,

तुम्ही येऊन गेलात, तरी हे पत्र लिहिते. तुम्ही जे केलंत ते तुम्हाला माहीत आहे. ते माझ्या बाजूनं कसं दिसलं ते माहीत नाही. म्हणून सांगते.

शुक्रवारी दुपारी गेटातून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत चाऱ्याच्या पेंढ्यांवर अय्या बसलेले, मांडीवर पिशवी, आणि मागं फळी धरून उभे तुम्ही. गुडघ्यापर्यंत चिखल. पांढऱ्या धोतराशिवाय ज्याला मी रस्त्यावर बघितलं नाही तो माणूस चड्डी आणि आत्याच्या नवऱ्याचा शर्ट घालून आलेला. मी टेबलामागून उठलेच नाही. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत, थेट विचारलंत, म्हातारी कुठं हाय? चिमणाबाई पुढं झाल्या.

नववी ब च्या दारात उभी राहून मी बघत होते. बायकांनी साड्यांचा आडोसा केला. फळ्यावर तसंच कुठल्यातरी जुन्या तासाचं गणित होतं. अय्यांनी आज्जींना काही विचारलं नाही, काही झापलं नाही. कानडीत एवढंच म्हणाले की गेलं ते पाण्यात गेलं, पाणीही त्याचंच. कपाळाला विभूती लावली, कानात मंत्र सांगितला, आणि आज्जींच्या डाव्या तळहातावर ते नवीन, काळंभोर लिंग ठेवलं. अप्पा, ज्या हाताला सलाईनची सुई होती ना, तोच हात. आदल्या दिवसापासून तो हात थरथरत होता. लिंग ठेवल्यावर थरथर थांबली. माझं शास्त्र याला काय म्हणेल ते मी विचारणार नाही. मी बघितलं, एवढं खरं.

त्यांनी तीर्थ घेतलं. मग म्हणाल्या, भूक लागली. अख्ख्या वर्गात कुणीतरी ताट आणायला धावलं, कुणीतरी पाणी, आणि चिमणाबाई मटकन खाली बसून रडायला लागल्या. डॉक्टरांनी आधी पेज पाजायला लावली, भाकरी नंतर. पहिला घोट उतरताना आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडं बघत होतो, मॅडमसुद्धा. पेज पिताना एखाद्या माणसाकडं इतक्या लोकांनी बघितलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी व्हरांड्यात आले आणि भिंतीकडं तोंड करून मनसोक्त रडले. डॉक्टर मागून आले. ते फार बोलणारे नाहीत. म्हणाले, चिठ्ठी मी लिहीत होतो, पण निदान तू केलंस. आणि गेले.

मला वाटलं, आता तुम्ही अय्यांना घेऊन तसेच परत जाणार. टेबलावर येऊन बसले. लाईन होतीच. मान खाली घालून औषधं देत होते. पुढचा नंबर म्हटलं, तर टेबलावर एक मळकी, चार घड्या पडलेली चिठ्ठी आली. वर नाव होतं सिद्धलिंग. शुगरची गोळी, तीच, मल्लव्वा आज्जींची.

तुम्ही लाईनीत उभे होता. तुम्ही, ज्यांनी आयुष्यात कुणाच्या दुकानासमोर लाईन लावली नाही. तुमच्यापुढं एक पोरसवदा हमाल आणि मागं एक बाई कडेवर मूल घेऊन, आणि मध्ये तुम्ही हात बांधून. किती वेळ उभे होता मला माहीत नाही. आणि अप्पा, तुम्हाला शुगर आहे हे मला माहीतच नव्हतं. अव्वानं आता फोनवर सांगितलं, संक्रांतीला निघाली, 'लीलाला कळवू नको, अभ्यास मोडंल' म्हणून तुम्ही दटावलंत. दसऱ्यापासून न बोलणारा माणूस माझा अभ्यास मोडू नये म्हणून गप्प होता!

तुम्ही विचारलंत, "हे कवा घ्याचं, बाई? जेवणाआधी का नंतर?"

बाई म्हणालात. सगळ्या लाईनीसारखं. माझ्या ओठांवर आलं होतं की रोज घेताच की, मला काय विचारता. पण तुमचं तोंड बघितलं. तुम्ही थट्टा करत नव्हता. तुम्हाला खरंच माझ्याकडून ऐकायचं होतं. मग मीही तुम्हाला त्या लाईनीतल्या माणसासारखंच विचारलं. आज काय खाल्लं? पूजा कधी होते? पूजेनंतर ताट लगेच मिळतं का? तुम्ही एकेक उत्तर दिलंत. मागची बाई कुरकुरली, आवरा की आजोबा. तुम्ही तिला म्हणालात, "थांब जरा. ती विचारतीया."

दसऱ्याला तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी तयार करून ठेवलं होतं. फार मोठं होतं. ते आता द्यायची गरज राहिली नाही.

जाताना तुमची नजर माझ्या गळ्यावर गेली. मी ओढणी सारखी केली, उशीर झाला होता. तुम्ही शर्टाच्या वरच्या खिशावर हात ठेवलात. खिसा फुगलेला होता, पिवळ्या फडक्याचं टोक दिसत होतं. ते फडकं मी ओळखते, देव्हाऱ्यातलं आहे. म्हणालात, "तुझं हाय हितं. पाणी लागू दिलं न्हाय. मागशील तवा."

आणि ट्रॅक्टरवर चढलात. मी 'द्या' म्हणाले नाही. सगळ्या लाईनीसमोर घ्यायचं नव्हतं, आणि तसं घाईत तर मुळीच नव्हतं.

इथं आता सगळं बदललंय. मॅडमनी प्रत्येक टेबलावरचा पहिला प्रश्न बदलला. आधी विचारायचं, आज काय खाल्लं, आणि उद्या काय पाळणार आहात. आज पहिला श्रावणी सोमवार, निम्मी लाईन उपाशी. एकेकाची गोळी पुढं ढकलायला, बदलायला डॉक्टरांकडं पळापळ. माझे पाय दुखतायत. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. माणूस म्हणजे नुसतं पोट नव्हे आणि नुसती चिठ्ठी तर नव्हेच, हे मला चार वर्षं वर्गात बसून कळलं नसतं. आणि पुढंही मला हेच करायचंय, दवाखान्यात, माणसांजवळ. भिंतीवर काय टांगायचं ते संकेश्वरवाले बघतील.

मल्लव्वा आज्जी आता चिमणाबाईंशी भांडण्याइतक्या बऱ्या झाल्यात. मुलगा परवा म्हशींसकट न्यायला येतोय. आज त्यांनी मला पुन्हा विचारलं, कुणाची गं तू? त्या दिवशी मी उत्तर दिलं नव्हतं. आज सांगितलं, कुरुंदवाडच्या सिद्धलिंग अप्पांची. तर म्हणाल्या, तो चिखलातला?

हो, तो चिखलातला.

आता तुमच्या गोळीचं. तुम्ही माझ्याकडून ऐकलंत, पण मॅडमच्या नियमाप्रमाणं मी तुमच्याकडून परत वदवून घेतलं नाही, धीर झाला नाही. म्हणून लिहून देते. आधी पूजा. मग ताट वाढून समोर येऊ दे. मग गोळी, आणि लगेच जेवण. पूजेला उशीर झाला तर गोळी थांबवा, पूजा घाईत उरकू नका.

कुरुंदवाडातलं पाणी उतरायला लागलंय म्हणे. मिरजेहून तुम्ही निघालात की मलाही कळवा, मी येते. घरातला गाळ काढायला, आणि माझं मागायला.

तुमची,
लीला